वापा, तीन दिवस

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून खुर्ची माझी. बाबांच्या दवाखान्यातली ती जुनी फिरती खुर्ची, जिचं रेक्झिन मीच लहानपणी पेन्सिलीने उकरून फाडलं होतं. आज दिवसभर तीच मला बसल्याजागी चिमटे काढत होती. केल्या कर्माची फळं, दुसरं काय.

खाली दवाखाना, शेजारच्या गाळ्यात औषधांचं दुकान, वर आम्ही. आम्ही म्हणजे बाबा, आई, मी आणि माझी टिल्ली. टिल्लीचं वय वर्षं तीन, तोंड वर्षं तीस. नवरा जहाजावर असतो, तो फोनवर भेटतो. बाबांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून बाबा आजपासून निवृत्त. आई काही निवृत्त व्हायचं नाव घेत नाही. ती बाहेरच्या टेबलाशी बसून नंबर पुकारते, आणि पोर आत येण्याआधीच त्याचं निम्मं निदान करून टाकते.

सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "सर्दीचा हंगाम आहे. महिनाभर चालवून बघ. लोक टिकले तर दवाखाना तुझा. नाही टिकले तर समोरच्याला देऊन टाकू, तो कधीचा मागतोय. आठ डिसेंबरला ये, उत्तर देतो, असं सांगितलंय त्याला."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा मुलांचा डॉक्टर. त्याच्या भिंतीवर छतापर्यंत जिराफ रंगवलाय. त्या जिराफाशेजारी उभं राहून उंची मोजता यावी म्हणून पोरं मुद्दाम आजारी पडतात, असं माझं मत आहे.

"आणि गुलाबी बाटली?" बाबांनी विचारलं.

गुलाबी बाटली म्हणजे आमच्या दवाखान्याची ओळख. बाटलीत कोरडी पावडर असते, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत ओतायचं, खळखळून हलवायचं, की झालं स्ट्रॉबेरीच्या वासाचं अँटिबायोटिक. बाबांनी उभ्या आयुष्यात शिंकणाऱ्या प्रत्येक पोराला ती लिहून दिली. आता साध्या सर्दीतापाची बहुतेक पोरं आजारी पडतात ती विषाणूने, आणि विषाणूला त्या बाटलीने काडीचाही फरक पडत नाही. उलट पोराचं पोट बिघडतं, आणि उगाच दिलेलं औषध खऱ्या गरजेच्या वेळी दगा देतं. हे बाबांनाही ठाऊक आहे.

"गरज असेल तेव्हाच देईन," मी म्हटलं.

"लोक थांबत नाहीत गं," बाबा म्हणाले, आणि पेपरात शिरले.

बघूच.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिली विकेट पडली. जुळ्यांची आई. दोन मुलगे, दोघांत मिळून एक सर्दी, दोघांत मिळून एक रुमाल. मी नीट तपासलं. घसा लालसर, कान स्वच्छ, छाती स्वच्छ, आणि माझ्या टेबलावरचा पेपरवेट कोणी घ्यायचा यावरून मारामारी चालू. आजारी पोरं मारामारी करत नाहीत. मी तिला सगळं समजावलं. ताप चढला तर तापाचं औषध, भरपूर पाणी, झोपताना चमचाभर मध, आराम.

"बरं. आणि औषध?"

"औषध नाही."

"अहो, पाणी आणि मध मी घरीच दिला असता की. त्यासाठी नंबर कशाला लावला?"

मी आपलं वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, औषध घेतलं तर सर्दी सात दिवसांत जाते, नाही घेतलं तर आठवड्याभरात. ती हसली नाही. तिने माझा कोरा कागद उलटसुलट करून पाहिला, पलीकडच्या बाजूला तरी काही लिहिलंय का म्हणून. मग तो माझ्याच टेबलावर ठेवला.

खिडकीतून आईचं धावतं समालोचन सुरू. "उतरली पायऱ्या. थांबली. गाडी जाऊ देतेय. गेली जिराफाकडे."

दिवसभरात आईने हेच समालोचन इतक्यांदा केलं की संध्याकाळी ती फक्त "जिराफ" एवढंच म्हणायला लागली.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाहेरच्या बाकांवर आज टिल्ली एकटीच. ती एकेका बाकावर बसून बघत होती, आणि स्वतःच आत येऊन सांगत होती, "डॉक्टर, मला जिराफ झालाय."

मला रडू आलं. खरंच आलं. एवढं शिकले, रात्री जागवल्या, आणि एका रंगवलेल्या जनावरापुढे हरतेय. हा दवाखाना गेला तर मी काय, कुठेही नोकरी करीन. पण मला दुसरीकडे नकोय. ह्याच फाटक्या खुर्चीत बसायचंय मला, हे परवापर्यंत एवढं कळलं नव्हतं.

आई म्हणाली, "तुझं शास्त्र असू दे तुझ्याकडे. कोरा कागद देत जाऊ नकोस. माणूस नंबर लावून बसतो, त्याच्या हातात काहीतरी लिहिलेलं पडलं पाहिजे."

बोलण्यात दम होता. म्हणून आजपासून मी लिहायला लागले. सगळ्यात वर ठळक: वा. पा. – ३ दिवस. म्हणजे वाट पाहा, तीन दिवस. पूर्ण लिहायचा कंटाळा, दुसरं काही नाही. त्याखाली तापाचं औषध. त्याखाली, कशाकशाला न थांबता लगेच यायचं ते: धाप लागली, पाणी पिईना, लघवी कमी झाली, पोर मलूल पडलं, कान दुखला, ताप उतरून परत आला. तोंडीही सांगतेच. पण पोर कानाशी भोकाड पसरून बसलेलं असताना आईला कितपत ऐकू जातं देव जाणे.

बाबा माझ्याशी फारसं बोलत नाहीयेत. संध्याकाळी फिरायला जातात म्हणे. गुडघे धड नाहीत, जिना उतरताना कण्हतात, आणि तास-दीड तास बाहेर. जुन्या मित्रांकडे बसून माझ्या नावाने खडे फोडत असणार. आणखी एक. घशात बघायचा माझा टॉर्च सापडत नाही. टिल्लीवर संशय आहे. तिची कसून चौकशी केली, ती "माहीत नाही" म्हणाली, पण चेहरा चोराचाच होता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आले! परत आले! उद्गारचिन्हं काढायची सवय नाही मला, पण आज ती माझी मीच देतेय.

आधी पाववाल्याची मुलगी, मग शाळेतल्या बाईंचा मुलगा, मग कोण कोण. आणि दुपारी साक्षात जुळ्यांची आई, सोबत धाकटी पुतणी. समोरच्याच्या गुलाबी बाटलीने जुळ्यांची पोटं बिघडली म्हणे. म्हणून परवा तिने पुतणीला माझ्याकडे आणलं होतं.

"डॉक्टर, तुमचं ते औषध काय जालीम आहे हो," ती म्हणाली. "मिळायच्या आधीच गुण आला."

काय सुंदर बोलली. औषध मिळायच्या आधीच गुण. म्हणजे माझं बोलणं, माझं समजावणं, माझा धीर. मी एवढी चांगली बोलते हे मलाच ठाऊक नव्हतं. ती गेल्यावर मी दार लावून टिल्लीला उचललं आणि वजनकाट्याभोवती दोन फेऱ्या नाचले.

संध्याकाळी दुकानातले केमिस्टसाहेब पायरीवर भेटले, चेहरा जरा पडलेला. "डॉक्टर, नवीन काही सुरू केलंत की आधी सांगत जा ना. माल मागवायला बरं पडतं." मी म्हटलं हो हो, सांगेन. तापाच्या औषधाबद्दल म्हणत असतील.

जेवताना बाबा आपणहून बोलले. "पाववाल्याच्या मुलीच्या छातीत घरघर नाही आता."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ऐकलं," बाबा म्हणाले.

बघा. म्हणजे पेशंट माझ्या चहाड्या करायला ह्यांच्याकडे जातात. मी भात कालवत बसले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज एक एमआर आला. औषधकंपनीची बॅग, चकचकीत बूट, आणि सगळ्या जगाचं आपल्याला कळतं असा चेहरा.

"मॅडम, तुम्ही हल्ली वापा खूप लिहिता असं ऐकलं."

वापा? मी कधी लिहिलं? आता इथे सरळ विचारायला हवं होतं, वापा म्हणजे काय. पण समोर माणूस एवढ्या खात्रीने बोलतोय, आणि मी नवी डॉक्टर. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "हं. केस बघून."

"चांगलंच आहे ते. पण जुनं झालं आता. वापाने पोरांना मळमळ होते, मॅडम. आमचं जास्त सेफ आहे."

"मळमळ होते, हे माझ्याही पाहण्यात आलंय," मी म्हटलं. देवा, माफ कर मला.

तो गेल्यावर मी सगळी पुस्तकं काढली. वापा कुठेच नाही. औषधांची जाड यादी चाळली. नाही. आपण शिकलो त्यानंतर जग केवढं पुढे गेलं! शिवाय मुलांच्या श्वसनविकारांचं माझं पुस्तक बाबांच्या उशाशी सापडलं. मधे मधे चहाच्या बिलांच्या चिटोऱ्या खुपसलेल्या. उशी उंच करायला घेतलं असेल. त्याला माझी हरकत नाही, पण पानांना डाग पडतात.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हसू आवरत नाहीये. पेन हलतंय. पण लिहितेच.

सकाळी एक आजोबा नातीला घेऊन आले. म्हणाले, "समोरही दाखवलं. त्यांनीही हेच लिहिलंय, पण त्यांच्या दुकानातही येत नाही म्हणे अजून." आणि कागद पुढे केला. वर कोपऱ्यात जिराफ. खाली गुलाबी बाटली, नेहमीप्रमाणे. आणि तिच्यावर, स्वच्छ अक्षरात: सिरप वापा, एक चमचा, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर.

मी ते वाचलं. मग आजोबांच्याच हातातला माझा परवाचा कागद घेतला. वा. पा. माझ्या अक्षरात टिंबं कुठली दिसायला? वापा. तीन दिवस.

मी उठले ती तडक शेजारच्या दुकानात. केमिस्टसाहेब काउंटरमागे होते. त्यांच्यापुढे कागद धरला आणि विचारलं, "हे काय आहे?"

त्यांनी आधी दुकानात गिऱ्हाईक नाही याची खात्री केली. "डॉक्टर, खरं सांगू? अक्षर लागलं नाही. आता अक्षर लागत नाही असं मी गिऱ्हाइकाला आजवर कधी सांगितलेलं नाही. आमच्या धंद्यात ते बसत नाही. तुम्ही तीन दिवस लिहिलं होतं, मी म्हटलं, माल संपलाय, तीन दिवसांनी येईल."

"बरं. आणि तीन दिवसांनी?"

"तीन दिवसांनी कोणी आलंच नाही."

मी काउंटर धरला. आजोबा माझ्यामागून येऊन दारात, नात त्यांच्या कडेवर, आणि मी हसून हसून खाली बसलेली. कोणी आलंच नाही! येणार कुठून, पोरं बरी झाली ना. ह्यांनी होलसेलवाल्याला विचारलं, तोही बापडा "माल येतोय" म्हणाला. त्यालाही अक्षर लागेना, एमआरला लागेना, समोरच्याला लागेना, आणि लिहिणारीलाच लागेना. गावात एकालाही माहीत नसलेलं औषध गावभर चाललंय, आणि गुण येतोय.

आई तर एवढी हसली की तिने चुकून चौथ्या नंबरनंतर नववा पुकारला.

आता मात्र, हे लिहिताना, हसू जिरतंय. लोक परत आले ते माझ्या बोलण्यामुळे नव्हेच. न मिळणाऱ्या औषधाच्या आशेने आले. आणि मी ह्यांना खरं सांगायला बसले होते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आई म्हणाली होती, गप्प बस. चाललंय ते चालू दे, आठ तारीख निघून जाऊ दे. बाबांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं, परत वर केला. म्हणजे त्यांनाही वाटत असणार की मी हात दाखवून अवलक्षण करतेय.

पण मला जमेना. सकाळी बाहेर गर्दी होती, मी दारात उभी राहिले आणि सांगून टाकलं. वापा नावाचं औषध नाही. वापा म्हणजे वाट पाहा. तुमची पोरं औषधाने नाही, आपली आपणच बरी झालीत. मी तीन दिवस फक्त लक्ष ठेवायला सांगत होते. ह्यापुढे अक्षर नीट काढीन.

एका बाईंनी पर्स उचलली आणि निघून गेल्या. त्यांच्यामागे एक गृहस्थ. आईच्या तोंडातून आपोआप "जिराफ" निघालं.

मग जुळ्यांची आई उठली. म्हणाली, "म्हणजे दुकानात मी आणि माझ्या नणंदेने वापासाठी भांडण केलं, ते कशासाठी?"

"वाट पाहण्यासाठी," मी म्हटलं.

ती खाली बसली. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. बाई हसत होती. तिला बघून शेजारची हसली, मग सगळा बाक हलायला लागला. केमिस्टसाहेब दारातून डोकावत होते. त्यांना कोणीतरी म्हणालं, "काका, आला का माल?" तेही हसले, पण जरा उशिराने.

आत आल्यावर जुळ्यांची आई हळूच म्हणाली, "डॉक्टर, अक्षर नीट काढू नका. तेच लिहा, वापा. घरी गेल्यावर सासूबाई पहिलं विचारतात, काय दिलं डॉक्टरने? काही नाही दिलं म्हटलं की माझंच चुकतं. वापा दिलंय म्हटलं की त्या गप्प बसतात."

"पण त्यांना कळलं तर?"

"त्यांना कशाला कळतंय. आणि कळलं तर त्याही त्यांच्या सासूला तेच सांगतील," ती म्हणाली. तिच्या घरात आजेसासूही आहेत.

गेलेले दोघं परत आले नाहीत. पण बाकीचे बसून राहिले. मला एवढं हलकं वाटलं की दुपारी जेवायचं विसरले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पहिल्यांदा गुलाबी बाटली लिहिली, आणि मनापासून लिहिली.

दवाखाना उघडायच्या आधीच जुळ्यांची आई पायरीवर. जुळ्यांपैकी थोरल्याला परत सर्दी झाली होती, ताप उतरला होता, तो काल संध्याकाळी पुन्हा चढला. कानाला हात लावू देईना. पडदा लालबुंद, फुगलेला. आता ही केस वाट पाहायची नव्हे. पावडर, पाणी, खूण, किती वेळा, किती दिवस, मधे सोडायचं नाही, सगळं दोनदा सांगितलं.

"बरोबर वेळेवर आणलंत," मी म्हटलं.

"काल संध्याकाळीच सांगितलं ना मला, सकाळी उठल्या उठल्या आधी कान दाखव म्हणून."

"कोणी सांगितलं?"

ती गडबडली. वर छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे... तुमच्या कागदावरच लिहिलंय की."

लिहिलंय! कान दुखला, ताप परत आला, मीच लिहिलंय! माझा कागद लोक वाचतात, जपून ठेवतात, त्याप्रमाणे वागतात. टॉर्च मात्र अजून सापडत नाहीये. आज मी दुकानातून नवीन आणला, टिल्लीपासून वर कपाटात ठेवला.

बाबा काल फिरून आले ते पार दमून. मी म्हटलं, कशाला जाता एवढ्या लांब? म्हणाले, "गुडघ्यांना बरं वाटतं." गुडघ्यांना शेक देत रडकुंडीला आले होते. म्हातारपणी माणूस हट्टी होतो ते असं.

४ डिसेंबर, गुरुवार

टिल्लीला ताप आलाय.

काल दुपारपासून. नाक गळतंय, आवाज बसलाय, अंग तव्यासारखं तापलंय. पोपटासारखी बोलणारी पोर माझ्या कुशीत गप्प पडून आहे. मी तिला दहादा तपासलं. छाती स्वच्छ वाटते, पण खात्री वाटेना. परत ऐकलं. परत खात्री वाटेना. हेच पोर दुसऱ्या कोणाचं असतं तर मी हसत वापा लिहिलं असतं आणि पुढचा नंबर बोलावला असता.

आज सकाळी मी काय केलं ते लिहिते. खाली गेले, कपाटातून गुलाबी बाटली काढली. स्वयंपाकघरात पाणी उकळून गार करत ठेवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. सगळं कळत होतं, आणि हात थांबत नव्हते. बाटली टकटक आपटून पावडर मोकळी केली, झाकण काढलं, पाणी ओतणार एवढ्यात बाबा मागे उभे.

त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली. झाकण लावलं. टिल्लीच्या खोलीत गेले. खिशातून टॉर्च काढला, घसा पाहिला. कान पाहिले. छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत बसले. पोटाकडे बघत श्वास मोजले. टिल्ली त्यांच्याकडे बघून बसक्या आवाजात म्हणाली, "आबा, जिराफ."

मग ते खाली दवाखान्यात गेले, गुडघे धरत, एकेक पायरी. परत आले तेव्हा हातात त्यांच्या जुन्या पॅडचा कागद होता, आणि त्यावर त्यांच्या त्या रेखीव, मोठ्या अक्षरात: वा. पा. – ३ दिवस.

"बाबा, पण ती माझी आहे," मी म्हटलं. मूर्खासारखं म्हटलं. रडत म्हटलं.

"म्हणून तर," बाबा म्हणाले. "तू लहान होतीस तेव्हा मला कुठे थांबता आलं. डॉक्टर होतो, पण आधी तुझा बाप होतो. प्रत्येक शिंकेला पाजली तुला बाटली. घरच्या पोरीला देतोय आणि बाहेरच्यांना कसं नाही म्हणायचं, म्हणून सगळ्यांना देत गेलो." ते टिल्लीच्या पायाशी बसले. "तू आज नुसती आई हो. डॉक्टर मी आहे."

मी टिल्लीला जवळ घेऊन आडवी झाले. बाबा खुर्चीत बसून राहिले. मधे मधे तिला चमच्याने पाणी पाजत होते, आणि ती घेत होती. मला किती वर्षांनी एवढी गाढ झोप लागली.

७ डिसेंबर, रविवार

ताप काल दुपारी उतरला. आज सकाळी टिल्लीने माझा स्टेथोस्कोप मांजराला घातला. मांजर आमचं नाही, कोणाचं आहे माहीत नाही, पण त्याचीही छाती स्वच्छ आहे असं ती म्हणाली.

बाबांनी लिहिलेला तो कागद मी आरशाच्या कडेला खोचलाय. उद्या आठ तारीख. बाबांनी काय ठरवलंय काही कळत नाही. विचारायची छाती होत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

समोरचा बरोबर दहा वाजता आला. चांगला शर्ट, हातात टेप. मापं घ्यायला! बाहेर बाक भरलेले होते, तो त्यातून वाट काढत आला आणि आईने त्याला नंबर दिला. तेरावा.

तो हसला, त्याला वाटलं असेल चेष्टा. आईने चेष्टा केलेली नव्हती. बसवून ठेवला त्याला, एका बाजूला पाववाल्याची मुलगी, दुसऱ्या बाजूला जुळे. जुळ्यांनी त्याचा टेप घेतला आणि एकमेकांची उंची मोजली. "जिराफाशिवायपण मोजता येते," धाकटा म्हणाला.

तेरावा नंबर पुकारल्यावर तो आत आला. बाबा वरून खाली उतरून आले आणि पेशंटच्या स्टुलावर बसले. मी उठायला लागले तर हाताने खाली बसवलं. खुर्चीने चिमटा काढला.

"मग सर," समोरचा म्हणाला, "आज उत्तर देणार होतात. काय ठरलं?"

बाबांनी माझं पॅड पुढे ओढलं, माझंच पेन घेतलं, काहीतरी लिहिलं, कागद फाडून त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं. वापा हे त्याला वाचता येतं, स्वतःही लिहितोच की तो.

"हे औषध कुठेच मिळत नाही, सर," तो म्हणाला. बिचारा. त्याला अजून माहीतच नव्हतं.

"वाट पाहा," बाबा म्हणाले.

"किती दिवस?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं हसतील, पण हसले नाहीत. "केस मोठी आहे. ही म्हातारी होईपर्यंत तरी."

दाराआडून आई एवढ्या जोरात हसली की बाहेरची सगळी पोरं हसायला लागली, काय झालं ते न कळताच. मी टेबलावर डोकं ठेवलं आणि रडले. समोरच्याने जुळ्यांकडून टेप परत घेतला, माणूस तसा वाईट नाही, जाताना अभिनंदन म्हणाला.

दवाखाना माझा. परत एकदा लिहिते. दवाखाना माझा.

संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, आज तरी फिरायला जाऊ नका, सगळे मिळून बसू. तर म्हणाले, "आलोच. तुझ्या सातव्या नंबरची धाप जरा..." आणि तिथेच थांबले. मग म्हणाले, "जरा पाय मोकळे करतो." गेले, लंगडत. बाहेर लख्ख उजेड, आणि हे टॉर्च खिशात घालून निघाले. तो माझा हरवलेला टॉर्च ह्यांच्याकडे कसा, हे विचारायचं टिल्लीच्या तापाच्या दिवशी राहूनच गेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वय झालंय, सवयीने उचलला असेल. उद्या टिल्लीची माफी मागायला हवी.